साखळी, सोगा आणि लायक्रा

सायकल चालवायची तर अंगाला चिकटणारी लायक्राची चड्डी आणि जर्सी हवीच, हा समज आता शहरांतल्या सायकल क्लबांमधून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचू लागला आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यासारख्या गावात तो रुजला तर नुकसानच होईल. बालाघाटाच्या चढउतारांवर इथली सायकल शाळेला, शेताला, बाजाराला जाते आणि ती चालवणाऱ्याच्या अंगावर पँट, पायजमा, पंजाबी ड्रेस, क्वचित धोतर असते. या कपड्यांना नाइलाज समजण्याचे कारण नाही. सायकलीच्या पोशाखाचे कूळ शोधत मागे गेले की स्पष्ट दिसते: रोजची सायकल रोजच्या कपड्यांसाठीच घडवली गेली, आणि लायक्रा फार नंतर, एका निराळ्या सायकलीसाठी आली.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. त्याआधीची सायकल म्हणजे भल्या उंच पुढच्या चाकावर चढून चालवायचे यंत्र. ती धाडसी तरुणांपुरतीच राहिली. रोव्हरची चाके जवळपास सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरे. १८८८मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि सायकल चारचौघांचे वाहन होऊ लागली. मात्र साखळीबरोबर नवी अडचण आली. तेलाने कपडे माखत, दात्यांत कापड अडके. कारखानदारांनी उपाय केला तो सायकलीत. साखळीवर पत्र्याचे कव्हर चढले, चिखलासाठी मडगार्ड आले, स्प्रिंगांची रुंद चामडी सीट आणि पाठ ताठ राहील असे हँडल आले. झगा घालणाऱ्या स्त्रियांसाठी मधला दांडा खाली वाकवला गेला, मागच्या चाकावर जाळी बसली. १८८८मध्येच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे सोनीपतच्या ॲटलसने १९५१पासून आणि लुधियानाच्या हीरोने १९५६पासून ही दणकट घडण खेडोपाडी नेली. धोतराचा सोगा वर खोचला, पायजम्याच्या पायाला क्लिप लावली, की आणखी काही लागत नसे.

स्त्रियांच्या बाबतीत हा इतिहास अधिक बोलका आहे. १८९८मध्ये इंग्लंडातल्या ऑकम गावच्या एका हॉटेलात लेडी हार्बर्टन सायकलवरून पोचल्या. झग्याऐवजी सैल विजार घातली म्हणून त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. खटला झाला आणि १८९९मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. मराठी मुलखात कापडापुरता हा प्रश्न आधीच सुटलेला होता. नऊवारीचा कासोटा दोन्ही पाय मोकळे ठेवतो, सलवारही ठेवते. इथल्या बाईला सायकलपासून दूर ठेवले ते रिवाजाने. वस्त्राची त्यात आडकाठी नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीतून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, त्या नेहमीच्या साड्यांमध्येच. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या ज्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, त्यांनी शाळेच्या गणवेशातच पॅडल मारावे हे गृहीत होते, आणि ते योग्यच होते.

लायक्राचे कूळ वेगळे आहे. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतले रसायनतज्ज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी हा ताणला जाणारा धागा तयार केला, तो स्त्रियांच्या घट्ट अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय म्हणून. तोवर शर्यतीतले सायकलपटू लोकरीची जर्सी आणि आतून मऊ कातडे लावलेली लोकरीची चड्डी घालत. घामाने, पावसाने ती जड होऊन ओघळे. १९७०च्या दशकात लायक्राने ही अडचण सोडवली. शर्यतीतला तिचा फायदा निर्विवाद आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या. ताशी १५ किलोमीटरवरून ४५ वर गेले की अडथळा ९ पट आणि शक्ती २७ पट होते. तिथे फडफडणारा सदरा महागात पडतो. ताशी पंधराला तो फारसा जाणवत नाही. शिवाय वजन वाचवण्यासाठी शर्यतीच्या सायकलीवर चेनकव्हर आणि मडगार्ड ठेवले नाहीत, सीट अरुंद आणि कडक केली, हँडल खाली नेले. सायकलीने जे सांभाळायचे ते कपड्यावर येऊन पडले: चेनकव्हर नाही म्हणून पाय तंग, सीटला गादी नाही म्हणून चड्डीत गादी. जिच्यावर हे सगळे आधीच बसवलेले आहे, त्या सायकलीला लायक्राची गरज उरत नाही.

लांब पल्ल्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत पार केली. अशा रात्रंदिवस चालणाऱ्या शर्यतीत मांड्या सोलवटतात, सीटवर फोड येतात. तिथे तंग चड्डीच योग्य. तरीही लांबचा पल्ला लायक्रावाचून अडत नाही. १९२३मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेव्हा हा धागा जन्मायला ३० वर्षे बाकी होती. रोजच्या पाच-दहा किलोमीटरांत काचण्याचे मूळ बहुधा शिवणीत असते. जीन्सच्या जाड शिवणी नेमक्या सीटवर एकत्र येतात आणि रुततात. पायजम्याच्या आसनात मियानीचा तुकडा जोडला की त्या एका जागी येत नाहीत आणि पाय मोकळा फिरतो. घामाचा आक्षेप पावसाळ्यापुरता खरा आहे, कारण भिजलेले सुती कापड जड होते. तेव्हा पातळ, लवकर वाळणारे मिश्र कापड बरे. पण पाटोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सैल सुती सदऱ्यातून हवा खेळते, वाळता घाम अंग गार करतो आणि लांब बाही ऊन अडवते. सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. ओढणी चाकात गेली तर जिवावर बेतते. म्हणून ती आडवी घेऊन कमरेशी पक्की बांधावी आणि मागच्या चाकाला जाळी असावीच. तिन्हीसांजेला मात्र पांढरा सदरा काळ्या लायक्रापेक्षा लांबून दिसतो.

तंग कपड्यांचा गावातला संकोच खरा आहे आणि त्याला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे. आठवीतल्या मुलीला किंवा साठीच्या शेतकऱ्याला सायकलीआधी पोशाख विकत घ्यावा लागेल असे वाटले, तर ते पोशाख सोडतील आणि त्याबरोबर सायकलही. ज्याला शर्यतीत उतरायचे आहे त्याने लायक्रा जरूर घ्यावी. बाकीच्यांनी पहिला पैसा चेनकव्हर, मडगार्ड, जाळी आणि चांगल्या सीटवर खर्चावा. शाळेतून मुलीला सायकल देतानाही तिच्या कपड्यांची चर्चा करण्याआधी त्या सायकलीवर या चार वस्तू आहेत का, हे पाहिले जावे.