तीन पक्ष आणि सियालदह

विलायतेतील हुजूर, उदार व मजूर पक्षांच्या थोरवीविषयी आपल्या मंडळींत वाद रंगतात. परंतु बंगालच्या नकाशावर या तिघांचेही हात फिरले आहेत. १९०५ ची फाळणी हुजूर पक्षाच्या राजवटीत झाली. गोखल्यांनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली, त्या उदारमतवादी मोर्ले यांनी ती कायम राखली. त्यांच्याच पक्षाच्या सरकारला ती १९११ साली रद्द करावी लागली. टिळकांनी १९१८-१९ मध्ये विलायतेस जाऊन मजूर पक्षाशी स्नेह जोडला. त्याच पक्षाच्या अ‍ॅटलींच्या कारकीर्दीत, १९४७ साली, स्वातंत्र्याबरोबर दुसरी फाळणीही आली आणि पूर्व बंगालचे निर्वासित सियालदहच्या फलाटांवर संसार मांडून बसले. मुत्सद्द्यांच्या वारशाचा हिशेब या फलाटांवरही मांडावयास हवा.