शून्य दिसलं, म्हणून काढलं

२०१४ चा ऑक्टोबर, सोयाबीनचा हंगाम. लातूरच्या एमआयडीसीत एका तेलगिरणीच्या फाटकात वजनकाटा. त्याच्या केबिनीत लिनक्सचा संगणक आणि त्यात मी लिहिलेला ड्रायव्हर. हा ड्रायव्हर ट्रकचा नव्हे. काट्याचा आकडा वाचून पावतीच्या प्रोग्रामकडे पोचवणारा, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसणारा तुकडा, म्हणजे मॉड्यूल. मी नांदेडला घरी, फोन आणि नेटवरून लातूरच्या मशीनवर.

मशीन थिजण्याच्या दहा तास आधी. नवा ड्रायव्हर तयार. मशीन बंद न करता जुना काढायचा, नवा घालायचा. माझ्याकडच्या मशीनवर दोनशे वेळा काढून-घालून पाहिलं, एकदाही अडलं नाही. मीही खूश. माझ्या टेबलावर काट्याची वायर होती, पण काटा नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आठ तास आधी. लातूरला लाईट गेली. केबिनीतला इन्व्हर्टर दमला, मशीन बंद. रात्रीचं काम सकाळवर गेलं. रात्रीच केलं असतं तर बहुतेक निभावलं असतं. का, ते पुढे.

बारा मिनिटं आधी. सकाळचे सात. फाटकाबाहेर ट्रकांची रांग. काटेवाल्या मामांना म्हटलं, "मामा, पावतीचा प्रोग्राम दोन मिनिटं बंद करा."

"केला बघा. काट्यावर गाडी उभी हाय, राहू द्यू?"

"राहू द्या, तिचं काही नाही."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

एक मिनिट आधी. मॉड्यूलांची यादी पाहिली. माझ्या ड्रायव्हरपुढे वापरणारे: शून्य.

इथे थोडं थांबायला हवं. हा आकडा मोजणं एकेकाळी मॉड्यूलवरच सोपवलेलं होतं. लिनक्सच्या २.४ आवृत्तीपर्यंत बऱ्याच ठिकाणी मॉड्यूल स्वतःच्या आत शिरलेल्याची नोंद स्वतःच करी. म्हणजे आधी घरात पाऊल टाकायचं आणि मग दाराशी वही लिहायची, आणि त्या दोहोंच्या मध्येच घर पाडणारे आले तर? कर्नेलचे एक प्रोग्रामर रस्टी रसेल यांनी २००२ मध्ये हा भाग नव्याने लिहिला. आत शिरण्याआधी बाहेरूनच कर्नेलकडे परवानगी मागायची. मॉड्यूल निघायच्या बेतात असेल तर नकार मिळतो. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ आवृत्तीत ही व्यवस्था होती. मोठीच सुधारणा, पण वहीत नोंद होते ती मागणाऱ्याची. माझा टायमर कुणाकडे काही मागत नव्हता. दर १०० मिलिसेकंदांनी तो उठायचा, काटा वाचायचा आणि पुढच्या वेळेची नोंद स्वतःच करून झोपायचा. त्याचा हिशेब त्या शून्यात नव्हता.

एक दशांश सेकंद आधी. मी ड्रायव्हर काढायची कमांड दिली. मॉड्यूलच्या निरोपाच्या फंक्शनमध्ये मी टायमर रद्द करायला `डेल_टायमर` लिहिलं होतं. ते फक्त रांगेत उभ्या असलेल्या टायमरला काढतं. चालू असलेल्याची वाट पाहत नाही. वाट पाहणारं वेगळं आहे, त्याच्या नावाला पुढे `सिंक` लागतं.

मशीनला दोन कोअर. पहिल्यावर निरोप चालू, दुसऱ्यावर नेमका त्याच क्षणी टायमर जागा. पहिल्याने विचारलं, रांगेत आहे का कुणी? नाही. बरं, पुढे चला. मॉड्यूलची जागा मोकळी व्हायच्या आत दुसऱ्याने वाचन संपवलं आणि नेहमीच्या सवयीने नोंद केली: १०० मिलिसेकंदांनी पुन्हा भेटू.

जणू पंगत उठली, पानं उचलली, मांडव उतरवला. आणि पाणी आणायला गेलेला वाढपी कळशी घेऊन परत निघालेला.

७ वाजून १२ मिनिटं. टायमरची वेळ झाली. कर्नेल त्या पत्त्यावर गेलं, तिथे काहीच नव्हतं. टायमर चालतो इंटरप्टच्या आत, म्हणजे प्रोसेसरचं चालू काम मध्येच थांबवून; अशी चूक तिथे घडली की कर्नेल सावरू शकत नाही, सगळं मशीन थिजतं. माझ्या पडद्यावर कर्सर गोठला. फोन वाजला.

"काही दिसंना की सर. नुसती इंग्रजी अक्षरं आलीत."

गणित नंतर मांडलं. काटा रिकामा असताना वाचन पाच मायक्रोसेकंदांत उरकायचं. १०० मिलिसेकंदांत तेवढीच फट, म्हणजे वीस हजारांत एकदा. दोनशे चाचण्यांत ती सापडण्याची शक्यता शंभरात एक. गाडी उभी असली की आकडा स्थिर होईपर्यंत माझा कोड दोन मिलिसेकंद तिथेच घुटमळायचा (हीही चूकच). फट झाली पन्नासात एक. माझ्या दोनशे चाचण्या काट्याविना, म्हणजे रिकाम्या काट्यासारख्याच होत्या.

दुरुस्तीत `सिंक` लावलं आणि तेवढ्यावर थांबणार होतो, तेवढ्यात दिसलं की काट्याचा इंटरप्टही तोच टायमर चालू करू शकतो. म्हणून क्रम बदलला: आधी इंटरप्ट सोडायचा, मग टायमर, आणि रांगेतली कामं संपल्यावरच जागा मोकळी करायची.

पहिली छापील पावती निघाली अकरा चाळीसला. तोवर मामांनी एकतीस पावत्या हाताने लिहिल्या होत्या. दुपारभर मी त्यांचे फोटो बघून नांदेडहून नोंदी चढवत बसलो आणि दर चार पावत्यांमागे फोन करून विचारत होतो, "मामा, हा एक आहे का सात?"