आग्र्याचा खजिना आणि चार आद्याक्षरे

अभिजात रहस्यकथेचे माध्यमांतर झाले की समीक्षेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: ते मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक आहे? हा प्रश्न निरर्थक नाही, पण अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. रूपांतरकार मूळ कथेतून काय उचलतो ह्याइतकेच तो कोणता इतिहास मागे ठेवतो, हेही पाहावयास हवे. बीबीसीने २०१० ते २०१७ ह्या काळात प्रसारित केलेली ‘शेरलॉक’ ही मालिका ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गॅटिस ह्यांनी आर्थर कॉनन डॉइलचा नायक एकविसाव्या शतकातील लंडनमध्ये आणला. असे कालांतर पूर्वीही झाले होते. बॅझिल रॅथबोनचे १९३९ मधील दोन होम्सपट व्हिक्टोरियन काळातच घडतात. १९४२ पासूनच्या चित्रपटांत मात्र तोच होम्स नाझी हेरांशी झुंजू लागला. पुढे १९८४ ते १९९४ ह्या दशकात ग्रॅनडा वाहिनीच्या मालिकेत जेरेमी ब्रेटने होम्सला पुन्हा घोडागाड्यांच्या लंडनमध्ये नेले. ‘शेरलॉक’च्या कर्त्यांनी रॅथबोनची वाट पत्करली आणि इतिहासाने त्यांना एक विलक्षण योगायोग हाती दिला.

तो योगायोग अफगाणिस्तानचा. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये वॉटसन दुसऱ्या अफगाण युद्धातून जखमी होऊन परततो. २०१० मधील वॉटसनही अफगाणिस्तानातूनच परततो. होम्सने पहिल्याच भेटीत काढलेल्या अनुमानात फारसा बदल करावा लागला नाही. फक्त अफगाणिस्तान की इराक, असा पर्याय नव्याने घालावा लागला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तोच देश आणि तसाच जखमी ब्रिटिश डॉक्टर! ह्या पुनरावृत्तीचा अर्थ काय, हे मात्र मालिका विचारीत नाही. तिच्या दृष्टीने युद्ध म्हणजे वॉटसनचे मानसिक लंगडणे आणि त्याची धोक्याची ओढ.

मूळ वॉटसन जखमी झाला तो मैवंद येथे. २७ जुलै १८८० रोजी अयूब खानाने ब्रिगेडिअर बरोज ह्यांच्या तुकडीचा तेथे पराभव केला. डॉइलचा वॉटसन बर्कशायर पलटणीचे नाव घेतो. पण त्या रणांगणावर बॉम्बे ग्रेनेडिअर्स, जेकब्स रायफल्स आणि बॉम्बे सॅपर्स ह्या मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या आणि त्यांचेही शेकडो शिपाई तेथे पडले. बर्कशायरच्या मृतांसाठी रेडिंग शहरात सिंहाचे भव्य शिल्प उभे आहे. वॉटसनच्या निवेदनात मात्र हिंदी शिपायांना एक वाक्यही मिळालेले नाही. म्हणजे विस्मरणाची सुरुवात डॉइलपासूनच होते, हे मान्य करावयास हवे.

तरीही डॉइलच्या कथांत वसाहत पुन्हा पुन्हा लंडनचे दार ठोठावते. ‘द स्पेकल्ड बँड’मधील डॉ. रॉयलॉट कलकत्त्यात व्यवसाय करून आलेला आहे. ‘द एम्प्टी हाउस’मधील कर्नल मोरान हा हिंदुस्थानात वाघांची शिकार केलेला लष्करी अधिकारी आहे. १८९० मधील ‘द साइन ऑफ फोर’ ही तर संपूर्ण कादंबरीच १८५७ च्या आग्र्यात रुजलेली. किल्ल्यात एका व्यापाऱ्याचा खून होऊन राजाचा खजिना लुटला जातो. अंदमानातील कैद्यांकडून त्याचा सुगावा लागताच इंग्रज अधिकारी त्यात वाटेकरी होऊ पाहतात आणि त्यांतलाच एक, मेजर शोल्टो, सर्वांना फसवून तो इंग्लंडला नेतो. कादंबरीत दोष पुष्कळ आहेत. शीख म्हणून वर्णिलेल्या पात्रांना मुस्लिम नावे आहेत आणि अंदमानी टोंगाचे चित्रण उघड वंशद्वेषी आहे. पण लंडनच्या उपनगरातील एका घराची श्रीमंती कोठून आली, हा प्रश्न ती टाळीत नाही.

२०१४ मधील ‘द साइन ऑफ थ्री’ ह्या भागात ह्यातले काय उरते? शोल्टो आणि स्मॉल ही नावे. शोल्टो आता नवशिक्या सैनिकांचा बळी गेल्यामुळे बदनाम झालेला अधिकारी आहे, तर स्मॉल त्यांतील एका मृताचा सूड घेणारा भाऊ. खजिना नाही, अंदमान नाही. आग्रा मात्र पुढील भागात एका अनपेक्षित रूपात अवतरतो: मेरीच्या पेन ड्राइव्हवरील चार इंग्रजी अक्षरे! २०१७ मध्ये ‘द सिक्स थॅचर्स’मध्ये उलगडा होतो की ती ॲलेक्स, गॅब्रिएल, रोझामंड आणि अजय ह्या चार भाडोत्री हस्तकांची आद्याक्षरे आहेत. लुटले गेलेले नगर नाहीसे होऊन त्याचा सांकेतिक शब्द झाला. खजिन्याच्या जागी माहिती आली आणि अजय हे एक भारतीय नाव तेवढे राहिले.

ह्यावर एक रास्त आक्षेप संभवतो. टोंगासारखे पात्र आज दाखवावे काय? अर्थातच नाही, ते वगळणे हाच विवेक. परंतु हा विवेक सर्वत्र दिसत नाही. ‘द ब्लाइंड बँकर’मध्ये गूढ चिनी टोळी आपल्या साऱ्या ठरीव लक्षणांसह येते, ‘अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया’च्या अखेरीस कराचीत शिरच्छेदाची तलवार उगारली जाते. म्हणजे पूर्वेचे भय टिकले. पूर्वेशी असलेला देण्याघेण्याचा हिशेब मात्र पुसला गेला. साम्राज्याचा कळकळीने कैवार घेणाऱ्या डॉइलच्या कथेत हा हिशेब नकळत उघडा पडतो, आणि उदारमतवादी काळातील तिचे रूपांतर तो झाकून ठेवते. हा विरोधाभास आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

मराठी वाचकाला अंदमान हे केवळ रहस्यकथेतील स्थळ नाही. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्याला तर मुळीच नाही. म्हणूनच माध्यमांतराचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांनी साम्यभेदांची यादी करून थांबू नये. मालिका आधी पाहिली असली तरी हरकत नाही. मात्र ‘द साइन ऑफ फोर’मधील स्मॉलचा कबुलीजबाब त्यानंतर अवश्य वाचावा. गुन्ह्याचे मूळ एखाद्या व्यक्तीच्या मनात शोधायचे की तिच्या समाजाच्या इतिहासात, हा रहस्यकथेतील जुना प्रश्न आहे. ‘शेरलॉक’ने त्याचे पहिले उत्तर निवडले. दुसरे उत्तरही मूळ कथेतच होते, हे वाचकाने विसरू नये.