वहीत न उतरलेले मासे

मराठवाड्यातल्या मच्छीमार संस्थेची आवक-वही हिशेबासाठी असते. तारीख, सभासदाचे नाव, माशाची जात, वजन, भाव. जातीच्या रकान्यात पानामागून पान रोहू, कटला, मृगळ, अलीकडे चिलापी. मरळ आणि शिवडा यांना भाव मिळतो, म्हणून त्यांची नावे येतात. उरलेले सगळे ‘किरकोळ’. नांदेडला प्राणिशास्त्र शिकवत असताना मी या वह्या वाचायला लागलो आणि माझे लक्ष त्या ‘किरकोळ’वरच खिळले. गोदावरीचे मूळचे रहिवासी त्या एका शब्दात कोंबलेले होते.

दख्खनच्या माशांची पहिली मोठी नोंद हिशेबासाठी झाली नव्हती. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुलखाची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. जमीन, पिके, माणसे यांच्याबरोबर त्याने मासेही टिपले आणि १८३९ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीर माशाला त्याने ‘खुद्री’ म्हटले. मुल्ल्या, फुलंगी, कोळस, ताकरी अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावे त्याने जशीच्या तशी घेतली. आज जगभरचे अभ्यासक ‘टॉर खुद्री’ लिहितात, ते नाव आपल्या नदीकाठावरून गेलेले आहे. मासा पकडणाऱ्याला विचारून केलेली ती नोंद होती आणि तिचे मोल मला तिथेच दिसते.

साइक्सचा मुलूख मात्र इंग्रजी अमलातला. नांदेड, लातूर निजामाकडे होते. हैदराबाद संस्थानातल्या माशांचे सर्वेक्षण एम. रहिमुल्ला यांनी १९४० च्या दशकात केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते भागाभागाने छापून आले. त्यातला एक भाग निजामाबाद जिल्ह्याचा, म्हणजे आमच्या नांदेडच्या शेजारचा. म्हणजे शंभर वर्षांनी नोंद आमच्या उंबरठ्यापर्यंत पोचली.

तोवर नदी बदलायला लागली होती. मांजरा बालाघाटात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून कर्नाटक-तेलंगणात उतरते, मग उत्तरेला वळून कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जातात. १९३१ मध्ये मांजरेवरचे निजामसागर धरण पुरे झाले आणि गोदावरीतून लातूरकडे चढणारी वाट मधेच अडली. पुढे बारूळला मन्याडवर, धनेगावला मांजरेवर आणि विष्णुपुरीला खुद्द गोदावरीवर पाणी अडले. वाहत्या पाण्यातल्या, खडकांत राहणाऱ्या माशांना साचलेले पाणी मानवत नाही.

त्याच काळात दुसरा बदल झाला. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. मग मत्स्यबीज केंद्रात जिरे (माशांची नवजात पिल्ले) तयार करता येऊ लागले, त्यांची बोटभर बोटुकली वाढवून तलावात सोडता येऊ लागली. नव्या धरणांवर मासेमारी करणाऱ्या भोयांच्या घरी चूल पेटली ती या बीजामुळे. मी त्याला नावे ठेवणार नाही. पण सोडलेल्या बोटुकलीचाच हिशेब लागतो, म्हणून वहीत तेवढेच मासे उरले.

महसीरच्या बाबतीत मात्र माणसे जागी झाली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर खुद्रीच्या प्रजननाचा अभ्यास मांडला, तिथे बीज तयार झाले आणि दूरदूरच्या नद्यांना गेले. मासा कधी, कुठे, कोणत्या पाण्यात अंड्यावर येतो हे कुणीतरी लिहून ठेवले, म्हणून हे घडले.

आमच्याकडे तशी नोंद हवी होती ती दुष्काळात. धनेगावचा मांजरा प्रकल्प आटला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात मांजरेच्या कोणत्या डोहात कोणता मासा तगला, हे काठच्या भोयांइतके नेमके कोण सांगणार?

म्हणून मी विष्णुपुरीच्या काठावर साध्या वह्या वाटल्या. एका वयस्क भोयाने विचारले, “सर, जाळं रिकामं आलं तर काय लिव्हावं?”

“तेच लिहा, मामा. जाळं किती वेळ पाण्यात होतं तेही लिहा.”

रिकामे जाळे फार मोलाचे असते. दहा किलो मासा एका रात्रीत आला की चार रात्रींत, यावरून नदीत मासा वाढतोय की घटतोय ते कळते. नुसत्या वजनावरून नाही कळत. म्हणून तारीख, जागा, पाण्याचा रंग, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किंवा गळाचे आमिष, पाण्यातला वेळ आणि माशाचे इथले नाव, एवढे हवे. पोटात अंडी असली तर तेही.

उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या मुलांनी येत्या मृगाला काठावर यावे, ‘किरकोळ’च्या ढिगातला एकेक मासा भोयांकडून ओळखून घ्यावा, आणि जो अहवाल निघेल त्यात त्या भोयाचे नाव सोबतीने छापावे. साइक्सने माशांची नावे राखली, सांगणाऱ्यांची राखली नाहीत. ते काम आपण करायचे आहे.