विद्यापीठांची तुलना करताना विभाग पाहावा

पदवी परीक्षा संपली की गोव्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी ताळगाव पठारावरच थांबावे, की पुणे, मुंबई, कोल्हापूर गाठावे? मुंबई विद्यापीठ १८५७ चे, पुण्याचे १९४९ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे आणि गोवा विद्यापीठ १९८५ चे. वय आणि विस्तार एवढेच मोजले, तर निकाल आधीच ठरलेला असतो. विद्यार्थ्याची दोन वर्षे मात्र एका विभागात, मोजक्या प्राध्यापकांच्या सहवासात जातात.

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होत आहे. अध्यापन, संशोधन, विद्यार्थ्यांचे यश, समावेशकता आणि लौकिक असे तिचे निकष आहेत. अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माण यांच्या स्वतंत्र याद्या असतात. मराठी किंवा सागरविज्ञानाची नसते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ची श्रेणीही संपूर्ण संस्थेला मिळते. तेव्हा ‘ए++’ पाहून एखाद्या विभागाविषयी अनुमान काढणे धाडसाचेच.

सागरविज्ञानाचे उदाहरण बोलके आहे. गोवा विद्यापीठापासून जवळच, दोनापावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि किनारा तर दारातच. या विषयासाठी केवळ नावाच्या ओढीने दूर जाणे व्यर्थ ठरू शकते. मराठीच्या विद्यार्थ्याचा हिशेब वेगळा. जुन्या हस्तलिखितांवर काम करायचे असेल, तर १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेमुळे पुण्याचे पारडे जड होते. पण थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’सारख्या गोव्यातच घडलेल्या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला त्याची भूमी सोडून जाण्याचे कारण काय? विषय एकच, तरी उत्तरे दोन.

अभ्यासक्रम संकेतस्थळावर असतो. तो चारही सत्रांसह वाचावा आणि ऐच्छिक विषयांकडे विशेष लक्ष द्यावे. यादीत दहा विषय असतात. शिक्षक नसल्याने प्रत्यक्षात दोन-तीनच शिकवले जातात, असे घडते. हे माहितीपुस्तिका सांगत नाही, अंतिम वर्षाचे विद्यार्थी सांगतात. प्रबंधिकेला मार्गदर्शन कोण करते, किती पदे रिक्त आहेत, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हेही त्यांनाच विचारावे. शेजारच्या काकांच्या मताला आपल्याकडे याहून अधिक वजन असते, हे दुर्दैव.

खर्चाची तुलना केवळ शुल्काशी थांबवू नये. वसतिगृह न मिळाल्यास खोलीची अनामत रक्कम, भाडे आणि खानावळ मिळून शुल्काला सहज मागे टाकतात. कदंबच्या बसने रोज घरी परतणाऱ्याला हा भार पेलावा लागत नाही.

बीए किंवा बीएस्सीसाठी तुलना बहुधा विद्यापीठांऐवजी त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांचीच करावी लागते.

गोव्याबाहेर अर्ज करताना स्वविद्यापीठाच्या पदवीधरांसाठी किती जागा राखीव आहेत, हे त्या वर्षीच्या प्रवेश नियमांत तपासावे. प्रवेश निश्चित झाल्यावर स्थलांतर प्रमाणपत्रासाठी गोवा विद्यापीठाकडे लगेच अर्ज करावा.