सतराव्या उन्हाळ्याची शिकवण

आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मामाचं गाव. अमेरिकेत जून ते ऑगस्ट शाळा बंद असते आणि तिथल्या किशोरवयीन मुलींसाठीच्या कादंबऱ्यांत हा काळ हमखास पहिल्या प्रेमाचा असतो. या गोड गोष्टी मुलींना नेमकं काय शिकवत आल्या, हे जरा तपासून पाहू.

मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ साली आली. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावातली सतरा वर्षांची अँजी आणि बेकरीवाल्याचा मुलगा जॅक. विचारायचं त्यानं, फोनची वाट पाहायची तिनं. ही रीत लेखिकेनं उपदेश न करता मांडली, म्हणूनच ती सहज गळी उतरते. पण शेवट पाहा. अँजी जॅकसाठी थांबत नाही. कॉलेजात शिकायला ती शिकागोची गाडी पकडते.

१९७५ साली ज्युडी ब्लूम यांची 'फॉरएव्हर' आली. यातली कॅथरीन विचार करून शरीरसंबंधाचा निर्णय घेते आणि लेखिका तिला त्याची शिक्षा देत नाही. उन्हाळ्यात दूर गेल्यावर तिला दुसरा मुलगा आवडू लागतो. 'कायमचं' म्हटलेलं प्रेम संपतं, आयुष्य संपत नाही. हे पुस्तक ग्रंथालयांतून काढा, अशी मागणी पुढं वर्षानुवर्षं होत राहिली.

१९८३ पासूनच्या 'स्वीट व्हॅली हाय' मालिकेत, कॅलिफोर्नियामुळे, ऊन बारमाहीच. तिच्या जुळ्या नायिका सोनेरी केसांच्या आणि कपड्यांचं माप अगदी नेमकं सहा. २००८ मध्ये पुस्तकं पुन्हा छापताना त्या सहाचे चार झाले. पंचवीस वर्षांत मुली बारीक झाल्या नव्हत्या, आदर्श तेवढा बारीक झाला होता.

जेनी हान यांच्या २००९ च्या कादंबरीचं नावच 'द समर आय टर्न्ड प्रिटी', म्हणजे 'मी सुंदर झाले तो उन्हाळा'. २०२२ ते २०२५ मध्ये तिच्यावरची मालिकाही गाजली. नायिका बेली लहानपणापासून त्याच समुद्रकाठच्या घरी येते. या वर्षी मुलं तिच्याकडे वळून पाहतात आणि तिथून गोष्ट सुरू होते. आधीचे उन्हाळे मग कुणाचे होते?

ही पुस्तकं मुलींच्या हातून काढून घेण्यात शहाणपण नाही. वाचून झाल्यावर एवढंच विचारावं, की गोष्टीतला मुलगा वजा केला, तर मुलीपाशी काय उरतं? १९४२ च्या अँजीपाशी निदान शिकागोचं तिकीट उरलं होतं.