पुस्तकशिलाई, हाताची व यंत्राची

पुस्तकाचे फर्मे दोऱ्याने एकमेकांस जोडण्याची क्रिया. छापलेल्या तावाला घड्या घातल्या की फर्मा होतो. घडीच्या रेषेतून टाके घेतले तर ती जुजबंदी. कडेने आरपार घेतलेली शिलाई निराळी. ती पुस्तक पुरते उघडू देत नाही.

हातशिलाई : लाकडी चौकटीवर उभ्या दोऱ्या किंवा फिती ताणतात. फर्मा त्यांना भिडवून मधोमध उघडतात. सुई आतून बाहेर येते, दोरीला वेढा देऊन पुन्हा आत जाते आणि टोकाशी खालच्या फर्म्याच्या टाक्यात गाठ अडकवते. दोरा बहुधा लिननचा, मेण लावलेला. त्याची जाडी निवडणे हे खरे कसब : जाड दोऱ्याने कणा फुगतो, बारीक दोऱ्याने कण्याला गोलाई येत नाही. स्वस्त कामात एकाच दोऱ्याने दोन फर्मे आळीपाळीने शिवत. वेळ वाचे, पण टाके निम्मे पडत. कणा सपाट दिसावा म्हणून करवतीने खाचा पाडून दोऱ्या आत दडवण्याची युरोपीय पद्धत घड्यांना अपायकारक ठरली. युरोपातील बांधणीगृहांत शिलाई प्रामुख्याने स्त्रिया करीत.

यंत्रशिलाई : डेव्हिड मॅकॉनेल स्मिथ या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी संशोधकाने १८६८ मध्ये पुस्तकशिलाईच्या यंत्राचे पेटंट घेतले, पुढे कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे त्याच्या नावाची कंपनी ही यंत्रे बनवू लागली. फर्मा खोगिरासारख्या दांड्यावर ठेवतात, आतून भोके पडतात आणि अनेक सुया एकाच वेळी दोरा ओवून आधीच्या फर्म्याच्या फाशात अडकवतात. टाका येथेही घडीतूनच जातो, म्हणून पुस्तक सपाट उघडते. फासांची ही साखळी हाताच्या टाक्याइतकी टिकते की नाही, याविषयी बांधणीकारांत एकमत नाही.

तारेची शिलाई : दोऱ्याऐवजी तारेचे टाके घातले, तर तार गंजते व कागद खाते.

तुलना : खरा फरक टाक्यापेक्षा पुठ्ठ्याच्या जोडणीत आहे. परंपरागत हातबांधणीत शिलाईच्या दोऱ्यांची टोके पुठ्ठ्यात ओवतात, त्यामुळे पुस्तकाचा भार शिलाई पेलते. यंत्राने शिवलेले पुस्तक बहुधा तयार खोळीत बसवतात. तेथे सगळा भार पुस्तीचा (पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला) कागद व कण्यावर चिकटवलेले जाळीदार कापड यांवर येतो. असे पुस्तक प्रथम सांध्याशी फाटते, शिलाई शाबूत राहते. म्हणून दुर्मीळ ग्रंथ हातानेच शिवावेत. रॉजर पॉवेल यांनी १९५३ मध्ये ‘बुक ऑफ केल्स’ची चार खंडांत केलेली पुनर्बांधणी हातशिलाईचीच होती.

शिलाई प्रत्येक ग्रंथाला असतेच असे नाही : मराठी हस्तलिखितांत पोथी सुट्या पानांची असते. शिवलेले असते ते बाड.